वाचकांचे प्रश्न : विसरण्यावर कुठला पाला?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहिलं होतं की स्मरणशक्तीसाठी काढा घेत असाल तर त्याचंही नाव डॉक्टरांना सांगा. बस्स, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आली की हा अख्खा महिना त्यातच गेला. निम्म्यांना वाटलं मी काढ्याच्या विरोधात आहे, उरलेल्यांना वाटलं मी काढ्याची जाहिरात करतेय. अहो, माझी सगळी नोकरी फार्मसी कॉलेजात झाडपालाच शिकवण्यात गेली, मुळं साली बिया ओळखायच्या, त्यात काय असतं ते काढायचं आणि मोजायचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या घरातल्या माणसाला नक्की काय झालंय ते मी सांगणार नाही, पण पुडीत काय आहे, किती आहे आणि ते आधी कुणावर तपासलंय एवढं नक्की सांगू शकते. त्याच तीन प्रश्नांवर आजची सगळी उत्तरं आहेत, कंटाळा आला तर माफ करा.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सहा-सात महिने झाले, आमटीत मीठ दोनदा पडतं नाहीतर पडतच नाही, आणि दुधाचे पैसे दिले की नाही यावरून रोज वाद. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून नर्सरीतून ब्राह्मीची कुंडी आणली, गोल पानांची. नणंद म्हणते ही खरी ब्राह्मी नव्हेच, खरीची पानं बारीक असतात. मिस्टर म्हणतात दोन्हीची चटणी करून टाका. ताई, खरी कुठली?
— एक सून, डोंबिवली

नणंदबाई बरोबर आहेत आणि काकूही खोटं बोलत नाहीयेत, हीच तर गंमत आहे. ब्राह्मी या नावाने आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. कॉलेजात दरवर्षी स्पॉटिंगला, म्हणजे नमुना बघून ओळखायच्या परीक्षेला, मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे आणि दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच आडवा व्हायचा.

तुमच्या कुंडीतली गोल पानांची, काठ कातरल्यासारखा, देठ लांब, जमिनीवरून पळते आणि पेरापेराला मुळं सोडते, ती मंडूकपर्णी. दुसरी नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा. हिचं पान नखाएवढं, जाडसर, देठ जवळपास नाहीच, चिखलात आणि पाटाच्या कडेला पसरते आणि फूल पांढरट जांभळं. शंका असेल तर एक पान चावून बघा, बॅकोपा इतकी कडू की दुपारचा चहा बेचव लागेल. दोघींचं कूळ वेगळं, आतलं रसायनही वेगळं. नीरब्राह्मीत बॅकोसाइड असतात, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड.

आता चरकसंहितेत बुद्धीसाठी जी चार मेध्य रसायनं दिलीयत ना, त्यात मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क आहे. म्हणजे काकूंची गोल पानवाली तिथे आहे. पण आजच्या काळातले माणसांवरचे जे अभ्यास सगळे दाखवत फिरतात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे सीडीआरआयमध्ये ज्यावर वर्षानुवर्षं काम झालं, ती नीरब्राह्मी आहे. जाहिरातीत पोथी एकीची आणि रिसर्च दुसरीचा असं सर्रास चालतं, आणि बाटलीवर चित्र भलत्याच पानाचं.

अभ्यास काय म्हणतात? बहुतेक अभ्यास १२ आठवड्यांचे, रोज ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क. २०१४ मध्ये अशा ९ अभ्यासांचा, मिळून ५१८ लोकांचा, एकत्र हिशोब मांडला गेला आणि त्यात लक्ष देण्याचा वेग थोडा सुधारलेला दिसला. थोडा, हं. आणि त्यातली बरीचशी माणसं धडधाकट होती, डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराचे, पेशंट नव्हते. आमटीत मीठ दोनदा घालणाऱ्या सासूबाईंवर हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय अर्क म्हणजे चटणी नव्हे, कुंडीतल्या पानात बॅकोसाइड किती आहेत हे ऋतूवर, मातीवर, पान कोवळं की जून यावर बदलतं. मिस्टरांची चटणी चवीला खा, औषध म्हणून नको. नीरब्राह्मीने काहींना पोटात कळ येते, मळमळतं, संडासला जास्त वेळा जावं लागतं, या वयात तेही बघायला हवं.

पण मला खरं तर वेगळंच विचारायचंय. सासूबाईंचं बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का? त्या शाकाहारी असतील, वर शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू असेल, तर बी-१२ खाली जायला आणखी काय हवं, आणि बी-१२ कमी पडलं की माणूस विसरतं. ऐकू कमी येत असेल तर तेही बघा, दूधवाल्याने काय सांगितलं ते नीट ऐकूच आलं नसेल तर लक्षात कुठून राहणार. ती एक ब्लड टेस्ट ब्राह्मीच्या सहा बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते.

(ब्राह्मी तेलाबद्दल चौघींनी विचारलंय. मालिश करून छान झोप लागत असेल तर खुशाल करा, झोप चांगलीच. पण ती करामत बोटांची आहे.)

आमचं हळदीचं घर आहे, तीन पिढ्या व्यापारात. ग्रुपवर सारखं येतं की हळद खाल्ल्याने अल्झायमर्स होत नाही, म्हणूनच भारतात हा आजार कमी, आणि अमेरिकेने हळदीचं पेटंट चोरलं होतं ते याचसाठी. आम्ही हे छापून पाकिटावर टाकावं का?
— एक वाचक, सांगली

नका टाकू. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमधली हळद बघितलेली बाई आहे मी, त्या वासावर माझं प्रेम आहे, तरीही सांगते, नका टाकू.

आधी पेटंट. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांना अमेरिकेत पेटंट मिळालं होतं खरं, पण ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं. आपल्या आज्या जे पिढ्यान्पिढ्या करत आल्या तेच. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशातल्या सरकारी संशोधन प्रयोगशाळांच्या परिषदेचे, प्रमुख होते, त्यांनी जुने पुरावे काढून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यात मेंदू, स्मरणशक्ती वगैरेचा काहीही संबंध नव्हता, ती शेपटी नंतर ग्रुपवर चिकटली.

भारतात आजार कमी, हे कुठून आलं? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात अल्झायमर्सचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या लोकांपेक्षा बरंच कमी निघालं. लगेच कुणीतरी म्हणालं हळद! पण खेड्यातलं तेव्हाचं आयुर्मान, घरच्यांनी "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून सोडून देणं, खाणंपिणं, कामाची सवय, शंभर कारणं असू शकतात. आणि अलीकडचा देशभरचा जो अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. हे सगळे काय बिनहळदीची भाजी खात होते?

आता मोजू या. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं रसायन, साधारण ३ टक्के धरा, वायगावच्या किंवा काही खास जातींच्या हळदीत जास्त असतं. सपाट चमचाभर हळद म्हणजे ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन झालं ९० मिलिग्रॅम. चार माणसांच्या भाजीला आपण पाव चमचा घालतो. आणि जे पोटात जातं त्यातलं रक्तात पोचतं अगदी नाममात्र, बाकीचं आल्या वाटेने बाहेर. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण २० पट होतं. तेव्हापासून प्रत्येक कॅप्सूलमध्ये मिरी घालायला लागले, पण हे कुणी सांगत नाही की तेच पायपरीन इतर औषधंही रक्तात वाढवतं, फिटची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल. फुकट मिळत नाही काही.

माणसांवर? २०१२ मध्ये अल्झायमर्सच्या ३६ पेशंटवर रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे देऊन बघितलं, फायदा नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात डिमेन्शिया नसलेल्या ४० लोकांवर अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांना नीट शोषलं जाईल असं खास बनवलेलं कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दीड वर्ष दिलं, त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. आशा ठेवायला जागा आहे, पण ४० माणसं म्हणजे एका एसटीतली माणसं हो, त्यावर पाकीट छापायचं?

टेस्ट ट्यूबमध्ये मात्र कर्क्युमिन सगळ्यावर चालतं, कॅन्सर, डायबेटीस, अल्झायमर्स. का, ते तुम्हाला मी सांगायला नको. पांढऱ्या लुगड्याला हळद लागली की काय होतं? तसंच आहे ते, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, स्वतः चमकतं, पटकन तुटतं, आणि यंत्राला वाटतं की काम झालं. औषध शोधणारे केमिस्ट या एकाच कारणासाठी त्याच्या नावाने बोटं मोडतात.

पाकिटावर काही छापायचंच असेल तर लेडचा, म्हणजे शिशाचा, टेस्ट रिपोर्ट छापा. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळणारे लोक आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि शिसं मेंदूचं काय करतं ते सगळ्यांना माहितेय. मेंदूसाठी म्हणून हळद खायची आणि तिच्यातून शिसं जायचं, याहून वाईट थट्टा नाही. भाजीतली, दुधातली हळद चालू दे. मोठ्या डोसच्या कॅप्सूलनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीत आणि ऑस्ट्रेलियात नोंदल्या गेल्यात, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये त्यावर इशाराही दिलाय.

नातवाच्या गुटीत वेखंड उगाळून घालतोच, तेच मी पण रोज घेतलं तर चालेल का? अलीकडे चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.
— एक आजी, लातूर

दोघांनाही नको, आजी. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचं रसायन असतं, आपल्याकडच्या वेखंडात तर भरपूर, आणि उंदरांमध्ये त्याने कॅन्सर झालेला दिसलाय. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. पोरं वेखंडावर वाढली हे मला मान्य, मीही वाढले, पण म्हणून रोज कशाला. चष्म्याला दोरी लावा.

मी स्वतः मेडिकल दुकानात काम करतो. लोक येऊन म्हणतात केमिकलवालं नको, झाडपाल्याचं द्या. डिमेन्शियाच्या ॲलोपॅथी गोळ्यांमध्ये झाडाचं खरंच काही नसतं का?
— एक वाचक, नाशिक

वा, हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. तुमच्या काउंटरच्या मागच्या रॅकमध्येच उत्तर आहे.

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या असतो. एका पेशीकडून निरोप घेऊन दुसरीच्या दारात जातो, निरोप दिला की लगेच मागून झाडूवाली येते, एक एन्झाइम, आणि त्याला झाडून टाकते. अल्झायमर्समध्ये हे निरोपेच कमी होत जातात. मग डॉक्टर काय करतात, झाडूवालीचा हात थोडा धरून ठेवतात, म्हणजे जे थोडे निरोपे आहेत ते दारात जरा जास्त वेळ थांबतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, गॅलेंटामीन, तिघं हेच करतात. आजार थांबत नाही, काही जणांना काही काळ थोडं बरं जातं एवढंच, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगत जा.

यातलं डोनेपेझिल प्रयोगशाळेत जन्मलं. पण गॅलेंटामीन आहे ते स्नोड्रॉप नावाच्या एका छोट्या पांढऱ्या फुलाच्या कांद्यातून आलं, बागेतल्या रेन लिलीच्या कुळातलंच ते. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले, बल्गेरियाच्या दिमितार पास्कोव्हनी त्याचं औषध केलं, निवालिन नावाने, आणि ते आधी वापरलं गेलं पोलिओसारख्या मज्जातंतूंच्या आजारांत. विसरण्याचा तेव्हा कुणाच्या डोक्यात विचारही नव्हता. पुढे चाळीसेक वर्षं गेली आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते अल्झायमर्ससाठी मंजूर झालं. कांद्यात ते इतकं थोडं असतं की जंगलातल्या फुलांवर भागेना, मग डॅफोडिलमधून काढायला लागले, वेल्सच्या डोंगराळ भागात मेंढ्यांच्या कुरणांत त्यासाठी डॅफोडिल लावतात, आणि कारखान्यातही बनवतात. रेणू तोच, फुलातून आला काय आणि भांड्यात शिजला काय, झाडूवालीला फरक कळत नाही.

आणि कुणी म्हणेल मग तो कांदाच खाऊ या, तर त्याच कांद्यात लायकोरीन असतं, ज्याने उलट्यांनी माणूस बेजार होतो. म्हणून तर गोळीत ८ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून चार-चार आठवड्यांनी वाढवतात.

रिव्हास्टिग्मीनची गोष्ट अजून भारी आहे. नायजेरियाच्या कलाबार भागात एक वेल होते, तिच्या बिया विषारी. तिथे आरोपीला त्या बियांचं पाणी पाजायचे, मेला तर गुन्हेगार, ओकून वाचला तर निर्दोष. आपल्याकडच्या अग्निदिव्यासारखंच. ज्याला आपण निर्दोष असल्याची खात्री तो गटागट पिऊन टाकायचा आणि ओकायचा, भिऊन घोट घोट घेणारा मरायचा, असंही सांगतात. १८५५ मध्ये एडिनबराच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन नावाच्या प्रोफेसरांनी ती बी स्वतः खाऊन बघितली, हातपाय गळायला लागल्यावर दाढीचं साबणाचं पाणी पिऊन उलटी काढली आणि वाचले. असले प्रोफेसर आता होत नाहीत, झालेही तर एथिक्स कमिटी सोडणार नाही. त्या बीतून १८६४ मध्ये फायसोस्टिग्मीन वेगळं काढलं गेलं. ते डोळ्यांच्या काचबिंदूत वापरलं, स्मरणशक्तीसाठीही वापरून बघितलं, पण असर पटकन ओसरायचा आणि त्रास जास्त. मग जेरुसलेममध्ये मार्टा वाइनस्टॉक यांनी त्या रेणूच्या धर्तीवर नवीन रेणू बांधला, तो रिव्हास्टिग्मीन. आज तुम्ही पाठीवर लावायचा पॅच विकता ना, त्याचा खापरपणजोबा ती विषारी बी.

आणि याच्या अगदी उलटं झाड तुमच्या नाशिकच्या उकिरड्यावर उगवतं. धोतरा. महाशिवरात्रीला आपण वाहतो तो. त्यातलं स्कोपोलामीन आणि ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनचं दारच बंद करतं, निरोपे उभे राहतात पण आत घेत नाही कुणी, आणि माणूस भ्रमिष्ट होतो, नंतर काही आठवत नाही. प्रयोगशाळेत उंदरांना विसराळू करायला आजही स्कोपोलामीनच देतात आणि मग त्यावर ब्राह्मी तपासतात! म्हणून "ब्राह्मीने उंदरांची स्मृती परत आली" असं वाचलंत की समजा, ते म्हातारपणाचं विसरणं नव्हतं, अर्ध्या तासापूर्वी टोचलेलं होतं.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनीन, झोपेसाठी म्हणून दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, ही सगळी थोड्याफार प्रमाणात धोतऱ्याच्याच बाजूची. सत्तरीच्या आजोबांना एका हाताने डोनेपेझिल आणि दुसऱ्या हाताने महिनाभर सर्दीची गोळी देऊ नका. चिठ्ठी बघून डॉक्टरांना एक फोन करा.

आम्ही न्यू जर्सीत असतो, आईबाबा पुण्यात. इथे दुकानात गिंको आणि ह्युपरझीन सहज मिळतं, पुढच्या ट्रिपला नेऊ का? बाबा ७८, डोनेपेझिल चालू आहे आणि हार्टसाठी ब्लड थिनर.
— एक वाचक, न्यू जर्सी

बॅगेत चॉकलेट न्या, हे दोन्ही नको.

गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्कावर तुमच्याच देशात जो अभ्यास झाला तो या विषयातला सगळ्यात मोठ्यांपैकी. ३०६९ माणसं, ७५ च्या पुढची, रोज १२० मिलिग्रॅम दोनदा, साधारण सहा वर्षं. २००८ मध्ये निकाल आला. डिमेन्शिया झाला नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना आणि गिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना. म्हणजे रोखण्याचं नावच नको. फ्रान्समध्ये सत्तरीच्या पुढच्या २८५४ लोकांवर केलं, २०१२ मध्ये, तिथेही तेच. झाड मात्र फार सुंदर हो, हिरोशिमात बॉम्बनंतर पुन्हा फुटलेलं झाड ते, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बाबांच्या ब्लड थिनरबरोबर रक्तस्राव वाढायची भीती, म्हणून नाही.

ह्युपरझीन चीनमधल्या एका शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीतून येतं आणि काम काय करतं माहितेय? तेच, झाडूवालीचा हात धरणं. म्हणजे डोनेपेझिलवर अजून एक डोनेपेझिल. नाडी मंद होते, चक्कर येते, बाथरूममध्ये पडणं होतं. अमेरिकेत २१० पेशंटवर तपासलं होतं, निकाल २०११ मध्ये आला, ठरलेल्या डोसला फायदा दिसला नाही. तिथे सप्लिमेंट विकायला १९९४ च्या कायद्यानुसार आधी काही सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे सहज मिळतं याचा अर्थ एवढाच की दुकान उघडं आहे.

अश्वगंधाने अल्झायमर्स ३० दिवसांत उलटा फिरतो, भारतीय शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, हे खरं आहे का?
— पुण्यातून तिघांनी एकच फॉरवर्ड पाठवलाय

शास्त्रज्ञ खरे, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र खरं, २०१२ साल खरं, ३० दिवसही खरे. उंदीर लिहायचं राहिलं.

(त्या कामात गंमत अशी होती की अश्वगंधाने परिणाम केला तो लिव्हरवर, तिथून मेंदूतला नको तो प्रोटीन बाहेर ओढला गेला, म्हणून मला ते काम आवडतं. पण माणसाच्या लिव्हरला अश्वगंधाने इजा झाल्याच्याही नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या गोळीशी तिचं जमत नाही, तेव्हा विचारून घ्या. गुळवेलीचंही तसंच, कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले होते, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला, वाद अजून आठवत असेल.)

बाबा ८१, रत्नागिरीजवळ गावी माझ्याकडे असतात. मागच्या वर्षी एका केंद्राचं सहा महिन्यांचं किट घेतलं, ३८ हजार गेले. तीन चूर्णं, एक काळी गोळी, कशावरच नाव नाही. त्यांनी सांगितलं इंग्रजी औषधं बंद करा, म्हणून बीपीचीही केली. आता बाबा जास्तच गोंधळतात. मी चूक केली का? आणि अजून एक, नातीचं नाव विसरतात पण परसात गेले की हा अडुळसा, ही निर्गुडी, ही रिंगणी असं बरोबर सांगतात, पानं तोडून चघळतातसुद्धा. त्यांना परसात एकटं जाऊ द्यावं का?
— एक मुलगी, रत्नागिरी जिल्हा

चूक तुमची नाही, नाव न लिहिता पुडी देणाऱ्याची आहे. पण आज, म्हणजे हा अंक वाचून झाल्यावर लगेच, बाबांचं बीपी मोजून घ्या आणि जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या मनाने परत सुरू करू नका, डोस त्यांनाच ठरवू दे. बीपी वर राहिलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना मार बसतो आणि त्यातूनही डिमेन्शिया वाढतो, तेव्हा चूर्णाचा काय परिणाम आणि गोळी बंद केल्याचा काय, हे आता त्यांना वेगळं करावं लागेल. अचानक जास्त गोंधळ झाला तर लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं मीठ (सोडियम) कमी होणं, पडून डोक्याला मार, हेही बघतात.

उरलेली चूर्णं आणि ती काळी गोळी फेकू नका, डब्यात घालून सोबत न्या. २००४ मध्ये बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तुमच्या गोळीत असेलच असं नाही, पण नाव नसलेल्या गोळीबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही, ना मी ना डॉक्टर. रक्तातलं शिसं तपासता येतं, विचारा. चूर्णात ज्येष्ठमध जास्त असेल तर तेही बीपी वाढवतं आणि पोटॅशियम खाली नेतं. चांगला वैद्य हवा असेल तर जरूर गाठा, पण जो पुडीवर नाव लिहून देतो आणि चालू गोळ्यांची यादी आधी मागतो असा. एकटीने ओढत असाल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, आणि मराठीतही बोलतात.

परसाचं म्हणाल तर जाऊ दे हो त्यांना. नातीचं नाव हल्लीचं, अडुळसा साठ वर्षांपूर्वीचा, जुनं मागे राहतं. नातीलाच सोबत पाठवा, त्यांनी नाव सांगायचं, तिने पाटीवर लिहून झाडाला बांधायचं, दोघांना काम. मात्र चघळणं बंद करायला लावू नका एवढ्यात, भांडण होईल, त्याऐवजी आपणच झाडं बघा. तुमच्याकडे कुंपणाला कण्हेर असणारच, तिने हृदयाचे ठोके बिघडतात, ती काढा. धोतरा उपटा, मुळासकट, बिया पडायच्या आत. तुळस, गवती चहा पायरीजवळ आणून लावा म्हणजे हात आधी तिकडे जाईल. आणि विहिरीला जाळी नसेल तर ती पावसाच्या आधी बसवून घ्या.